पाटीने ओळखलेला आवाज

१९ जून

प्रिय भाऊराया,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे पत्र बाजूला ठेवायच्या आत सांगते, यात घरचं काही नाही. शाळेचं काम आहे. काम झालं की मी गप्प बसेन. (मी आणि गप्प! हसलास तरी चालेल.)

फोन तू उचलत नाहीस, घरचा पत्ता कुणी देत नाही, म्हणून तुमच्या कंपनीच्या पत्त्यावर लिहितेय. तू तिथे आहेस हे मला प्रशिक्षणात कळलं. आम्हा सगळ्या शिक्षकांना सभागृहात बसवून एक फिल्म दाखवली. शेवटी पडद्यावर दहा-बारा जण उभे राहिले आणि एक मुलगी म्हणाली, "या टीमने टॅबला कान दिले." मागच्या रांगेत टोकाला तू. एक हात खिशात, अगदी शाळेच्या फोटोत असायचा तसा. केस किती पिकलेत रे तुझे! मी शेजारच्या चित्रकलेच्या बाईंना कोपराने ढोसून म्हटलं, "तो माझा धाकटा भाऊ." त्या म्हणाल्या, "मग जरा आमच्या वर्गातल्या नेटचं बघायला सांगा की त्याला."

तर ते कान आता माझ्या तिसरीच्या वर्गात आलेत. मुलं टॅबला पाटीच म्हणतात, आणि आतून बोलणाऱ्या बाईला मावशी. मूल मोठ्याने वाचतं, मावशी ऐकते, चुकलं तर थांबवते, बरोबर आलं की "शाब्बास" म्हणून एक पायरी वर चढवते. खोटं कशाला बोलू, काम चांगलं केलंयत. चाळीस मुलांचं वाचन मी एकटी ऐकायचे तेव्हा एकेकाची पाळी आठवड्याने यायची. आता प्रत्येकाला रोज कुणीतरी ऐकतं. पहिल्या दिवशी मी तुझ्यासाठी मनातल्या मनात टाळ्यासुद्धा वाजवल्या.

अडचण फक्त एका मुलीची आहे. प्रत्येक पाटीने आपापल्या मुलाचा आवाज ओळखावा म्हणून सुरुवातीला नोंदणी असते, हे तुला मी काय सांगायचं. त्या नोंदणीत या मुलीच्या नावावर चुकीचा आवाज नोंदला गेलाय. तांत्रिक चूक आहे. तेवढा पुसायचा आणि तिला पुन्हा बोलू द्यायचं, एवढंच. मदतकेंद्राला चारदा कळवलं. "आपली तक्रार मिळाली आहे, धन्यवाद" असं चारदा आलं. तू आतला माणूस, तुला दोन मिनिटं लागतील.

तक्रारीचा क्रमांक मागच्या बाजूला लिहिलाय.

ताई


७ जुलै

भाऊराया,

तुझं उत्तर नाही, पण मदतकेंद्राचं आलं. त्यांनी एकच प्रश्न विचारलाय: "नोंदलेला चुकीचा आवाज कुणाचा आहे?"

तो प्रश्न मी दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. त्यांना अजून काही कळवलेलं नाही. तुला सांगते. माझा आहे.

आता नीट ऐक. या मुलीला सगळा वर्ग मुंगी म्हणतो. आठ वर्षांची आहे, दप्तर पाठीवर घेतलं की गुडघ्यापर्यंत येतं. तिची आई लॉन्ड्रीत इस्त्री करते आणि रोज सकाळी तिला फाटकाशी सोडून जाते. मुंगीला सगळं वाचता येतं, पण डोळ्यांनी. तोंडाने वाचायला गेली की पहिल्या अक्षरालाच अडते. कशी अडते ते तुला सांगायला नको.

नोंदणीच्या दिवशी तीन वाक्यं म्हणायची होती. "माझी शाळा मोठी आहे. मी रोज शाळेत येते. मला गोष्टी आवडतात." मुंगी पाटी धरून उभी राहिली आणि "मा… मा…" यापुढे गाडी सरकेना. तुमची मावशी आठ सेकंद थांबते. मग साखर घोळवून म्हणते, "चला, पुन्हा प्रयत्न करूया!" अकरा वेळा म्हणाली. मी मोजलं. मुंगीचे कान लालभडक झालेले. मागे एकोणचाळीस मुलांची रांग, त्यात कुणी चिमटे काढतंय, कुणी मावशीची नक्कल करतंय, आणि चारच्या आत पूर्ण वर्गाची यादी पाठवा म्हणून मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, दारातून दोनदा डोकावून गेलेले. मी तिच्या हातातली पाटी घेतली, तोंडाजवळ धरली आणि बारीक आवाज काढून तिन्ही वाक्यं म्हणून टाकली.

मावशी म्हणाली, "शाब्बास! आता मी तुझा आवाज ओळखते."

वर्ग खो खो हसला. मुंगीही हसली. तिचा जीव भांड्यात पडला असं मला तेव्हा वाटलं, आणि अजूनही तसंच वाटून घेते.

करायला गेले काय अन् वरती झाले पाय. दर शुक्रवारी प्रत्येक मुलाची वाचन-चाचणी असते, आणि ती दिली नाही तर वर्गाच्या तक्त्यावर लाल ठिपका येतो. लाल ठिपका आला की वरून मोठ्या सरांना फोन, सरांकडून मला बोलावणं. मुंगीची पाटी माझ्याच आवाजाला ओळखते. मग कोण देणार चाचणी? मधल्या सुट्टीत मी नकाशे ठेवायच्या खोलीत जाते, दार लोटते आणि उंदराच्या आवाजात तिसरीचे धडे वाचते. आज मुंगी पाचव्या पायरीवर आहे. म्हणजे मी आहे. सेहेचाळिसाव्या वर्षी मला तिसरीचं वाचन उत्तम येतं, असं तुझ्या यंत्राचं म्हणणं आहे.

हस, पण तो आवाज पूस.

ताई


११ ऑगस्ट

भाऊ,

आता हसण्यावारी न्यायची गोष्ट राहिली नाही.

आमच्या शाळेत जिन्याखाली एक छोटी खोली आहे. आठवड्यातून दोनदा तिथे वाचनाच्या बाई येतात. ज्या मुलांचं वाचन मागे आहे त्यांना एकेकाला घेऊन बसतात. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि फुटक्या काचेचं कपाट. मुंगी पहिल्यांदा गेली तेव्हा बाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून खणात ठेवलं आणि म्हणाल्या, "मला आज कुठे जायचं नाहीये." मुंगीने त्या तासात एक ओळ वाचली. एकच, पण पूर्ण. मी दाराबाहेर उभी होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी त्यांना सांगितलं नाही, तुला सांगतेय.

या महिन्यात त्या खोलीची यादी पाटीवरून आली. चौथ्या पायरीच्या वर असलेल्या मुलांना मदतीची गरज नाही, असा नियम आहे. नियम वाईट नाही, खोली एक आणि मुलं सत्तावीस. मुंगी सातव्या पायरीवर. तिचं नाव गेलं. वाचनाच्या बाई यादी घेऊन माझ्याकडे आल्या.

"बाई, ही सातवर? माझ्यापुढे हिला 'पाणी' म्हणायला पाव तास लागतो."

मी म्हटलं, "पाटीपुढे मोकळी होत असेल. माणसांना बुजते ना ती."

उचलली जीभ लावली टाळ्याला. ही बाई कधी आवाज चढवत नाही. यादीची घडी घालत म्हणाली, "तुमचा वर्ग आहे. तुम्हाला माहीत."

गेल्या मंगळवारी मुंगी सवयीने जिन्याखाली गेली. आत दुसरं मूल बसलेलं. ती दप्तर पायाशी ठेवून पूर्ण तास बाहेर पायरीवर बसून राहिली. मी तिला वर्गात आणायला गेले तर मुकाट्याने आली. काही विचारलं नाही. तिला विचारता येत नाही, भाऊ, त्याचाच फायदा मी घेतेय.

मी मुद्दाम चुकीचं वाचून तिला खाली उतरवायचा प्रयत्नही केला. दोन शुक्रवार अडखळत वाचलं. मावशी म्हणते, "आज थोडी दमलीस का? काही हरकत नाही!" पायरी तीच. चढलेली पायरी उतरता येत नाही, मुलं निराश होतात म्हणून, असं तुमच्या पुस्तिकेत लिहिलंय. कोणाची ही कल्पना? तुझी असेल तर मला कळते रे. पण तिला उतरू दे.

ताई


२ सप्टेंबर

भाऊ,

काल शुक्रवार होता. मी नकाशांच्या खोलीत गेले तर मुंगी आधीच आत उभी, पाटी छातीशी धरून. मी हात पुढे केला. तिने पाटी दिली नाही. मान हलवून "नाही" म्हणाली आणि स्वतःच धडा उघडला.

घरी सराव केला होता तिने. तिच्या आईने नंतर सांगितलं, आई इस्त्री करायची आणि ही कपड्यांच्या गठ्ठ्याला वाचून दाखवायची, रोज, महिनाभर. गठ्ठा काही बोलत नाही ना मध्ये.

तिने वाचलं. "त… तळ्यात एक बेडूक राहत होता." मध्ये श्वास घेतला, पापण्या घट्ट मिटल्या, पण शेवटपर्यंत गेली. सहा सेकंद लागले असतील, आठच्या आत.

मावशीने तिचं पूर्ण नाव घेतलं, आडनावासकट. म्हणाली, "हा आवाज तिचा नाही. कृपया पाटी तिच्या हातात द्या."

मुंगीने आधी आपल्या हातांकडे पाहिलं. पाटी तिच्याच हातात होती. मग तिने वळून माझ्याकडे पाहिलं आणि ती मला दिली.

मी तशीच मोठ्या सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. म्हटलं, आवाज दुसऱ्याचा आहे असं लिहून द्या, म्हणजे कंपनी तो काढेल. सरांनी दार लोटून घेतलं. माणूस वाईट नाही. म्हणाले, "बाई, तसं लिहिलं की चौकशी लागते. चौकशी म्हणजे सगळ्या शाळेचं वर्षाचं वाचन रद्द. तीनशे मुलांनी खरंखुरं वाचलंय, त्यांचं काय करू? पुढच्या महिन्यात पाहणी आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची." मी कबुली लिहूनच नेली होती. त्यांनी ती खणात ठेवली आणि कुलूप लावलं.

पहिल्या पत्रात मी म्हटलं होतं, यात घरचं काही नाही. तेही खोटंच होतं.

अकरा वर्षं मी लोकांना सांगत आले की माझा भाऊ कामाच्या गर्दीत असतो. त्या रविवारी आपल्या बाहेरच्या खोलीत काय झालं ते मी कुणाला सांगितलं नाही. ती तुझ्या कॉलेजातली मुलगी लग्नाचं बोलायला आईवडिलांना घेऊन आली होती. तिच्या वडिलांनी तुला विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?" तू "म… मला… म…" वर अडकलास. वडिलांनी घड्याळ पाहिलं. आपली आई पदराचं टोक पिळत होती. मला ते बघवेना. लहानपणी हजेरीला, दुकानात, डॉक्टरांपुढे, सगळीकडे तुझी वाक्यं मीच पूर्ण केलेली. तशीच बोलून गेले, "त्याला विचार करायला थोडा वेळ हवाय." तू वळून माझ्याकडे पाहिलंस. काल मुंगीने पाहिलं ना, अगदी तसं.

संध्याकाळी तू कागदावर लिहून दाखवलंस, "मला हिच्याशीच लग्न करायचंय. उद्या म्हणाल तर उद्या." तो कागद घेऊन तू त्यांच्या घरीही गेलास. तिचे वडील म्हणाले, बहीण एक सांगते, तुम्ही एक, यातलं खरं कोणतं? आणि तिथे पुन्हा तुझी जीभ अडली. चार दिवसांनी नकार आला.

मी तुझी माफी मागितली होती का रे? मला आठवत नाही. बोलले तर भरपूर होते. आज मागते.

ताई


२० सप्टेंबर

भाऊ,

काल दुपारी आमचे क्लार्क वर्गाच्या दारात येऊन म्हणाले, "बाई, ऑफिसात तुमचा फोन." मी खडूचे हात झटकत गेले. रिसीव्हर कानाला लावला तर पलीकडे काही नाही. नुसता श्वास. आणि मग "ता…"

मी ओळखलं. अकरा वर्षांनी, एका अक्षरावरून.

मी मनाशी ठरवलेलं होतं, तुला पत्रात लिहिणारही होते, की तू कधी फोन केलास तर मी थांबेन. हवं तर तासभर थांबेन. समोर भिंतीवर घड्याळ होतं, त्यामुळे मला नक्की माहीत आहे मी किती थांबले. पाच सेकंद. मग माझं तोंड सुटलं. "ताई, हो ना? ताईच म्हणतोयस ना? अरे बोल ना, कसा आहेस, पत्रं मिळाली ना, त्या मुलीचं काही झालं का, नसेल जमत तर तसं सांग, रागावला आहेस का अजून…" श्वास घ्यायला थांबले तेव्हा फोन बंद झालेला होता.

क्लार्क म्हणाले, "राँग नंबर?"

तुझं यंत्र आठ सेकंद थांबतं. मी पाच.

ताई


१४ ऑक्टोबर

भाऊ,

तू केलंस. कुणाची सही नव्हती, पण मला कळलं. बुधवारी सकाळी मुंगीची पाटी उघडली तर वर एकच ओळ होती: "आवाजाची नोंदणी आज एक दिवस खुली आहे, दहा ते पाच. वेळेची घाई नाही." मावशी म्हणाली, "तुला हवं तेव्हा बोल. मी ऐकतेय." आणि खरंच गप्प बसली. आठ सेकंद झाले, मिनिट झालं, दहा मिनिटं झाली. छोटा हिरवा दिवा लागलेला, आणि ती आपली ऐकतेय. तू तिला थांबायला शिकवलंस. मला कुणी शिकवलं नाही, पण मीही ठरवलं की आज मरेन पण बोलणार नाही.

माझा वर्ग चित्रकलेच्या बाईंनी सांभाळला. वाचनाच्या बाईंना मी आदल्या महिन्यातच सगळं सांगितलंय. त्या माझ्याशी बोलत नाहीत, पण त्यांनी खोली दिली. जिन्याखाली मी आणि मुंगी समोरासमोर, मध्ये पाटी. मी घड्याळ काढून खणात ठेवलं.

मुंगी हाताची घडी घालून बसली. अडखळलीसुद्धा नाही, कारण तिने तोंडच उघडलं नाही. मी नुसतं बोटाने पाटी दाखवली. तिने मान हलवली. डबा खाल्ला आम्ही. वर एकेक वर्ग सुटला, जिन्यावरून पायांचे आवाज गेले. भाऊ, अडलेलं मूल मी सतरा वर्षं पाहतेय, त्याचा जबडा घट्ट होतो, मान ताठ होते. तिचं तसं काही नव्हतं. ती निवांत होती. वाट बघत होती, माझी.

तीन वाजून गेले असतील. तिने पाटी दोन्ही हातांनी उचलली, मला वाटलं आता बोलेल. तिने ती उलटी फिरवून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "तुमचा आवाज छान आहे, बाई. मुंगीचं तुम्हीच बोला."

एकदाही न अडखळता. सबंध वाक्यं, दोन, पण नोंदणीच्या तिन्हींतलं एकही नाही.

मला रडू आलं ते मी आवरलं नाही. मी काही बोलले नाही, एवढं मात्र खरं. पाचपर्यंत आम्ही तशाच बसलो. पाच वाजता हिरवा दिवा गेला आणि मावशी म्हणाली, "आजची नोंदणी संपली. जुना आवाज कायम ठेवला आहे. शाब्बास!"

मी तिला फाटकाशी घेऊन गेले. तिची आई लॉन्ड्रीतून धावत आली होती, हाताला अजून इस्त्रीची वाफ होती. गुडघ्यावर बसून तिने विचारलं, "काय गं, बोललीस का आज?"

मुंगीने मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे पाहत उभी राहिली, मी उत्तर द्यावं म्हणून.

ताई